राजर्षी शाहू महाराज : शाळेचे नियम आणि पालकांचा विश्वास

दरवर्षी जून महिन्याच्या अखेरीस, विदर्भातील शाळा उघडण्याच्या सुमारास, आपल्या निवासी शाळेच्या फाटकाशी एक ओळखीचे दृश्य दिसते. पेरणी अर्धवट सोडून आलेले आईबाप, पत्र्याची पेटी, गुंडाळलेली सतरंजी आणि आईच्या पदराआड उभे राहून इमारतीकडे बिचकून पाहणारे मूल. कोणी घाटंजी-आर्णीकडून आलेले असते, कोणी उमरखेड-महागावकडून, कोणी झरी-जामणीच्या कोलाम पोडावरून. प्रवेश अर्ज भरताना ही माणसे अभ्यासक्रमाविषयी फारसे विचारत नाहीत. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. लेकरू झोपेल कुठे, पंगतीत कोणाजवळ बसेल, ताप आला तर निरोप कोण पाठवील, मास्तर मारत तर नाहीत ना आणि भेटायला केव्हा येऊ द्याल. हे प्रश्न वर्षानुवर्षे ऐकत आल्याने आमची अशी खात्री झाली आहे की, शाळेच्या धोरणाची परीक्षा खात्याच्या तपासणीआधी या फाटकाशीच होऊन जाते.

योगायोग असा की, याच दिवसांत २६ जून येतो. महाराष्ट्रात हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो आणि आपल्याही प्रांगणात तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेस पुष्पहार घातला जातो. त्या दिवशीच्या भाषणांत महाराजांच्या आरक्षणाच्या आदेशाचा उल्लेख हमखास होतो. मात्र शाळा, वसतिगृहे आणि शिक्षक यांच्यासंबंधी त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांत जे नियम केले, जे फसले म्हणून बदलले आणि जे बदलून पुन्हा घट्ट केले, त्याची हकीकत क्वचितच सांगितली जाते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहिण्यास सांगितले, तेव्हा आम्ही हीच हकीकत निवडली.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राजघराण्यात दत्तक गेल्यावर ते शाहू छत्रपती झाले. राजकोटचे राजकुमार कॉलेज आणि पुढे धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. येथपर्यंतचे चरित्र त्या काळातील कोणत्याही संस्थानिकासारखेच आहे. वेगळेपणाची सुरुवात होते ती त्यांनी आपल्याच दरबाराची नोंदवही उघडून पाहिली तेव्हा. दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे, म्हणजे ब्राह्मण जातीचे, लोक होते. शिकलेली माणसे त्याच जातीत सापडत होती, म्हणून नेमणुका त्यांच्या होत होत्या. आणि नेमणुका त्यांच्याच होत होत्या म्हणून इतर जातींतील आईबापांना शाळेचा उपयोग दिसत नव्हता. हे चक्र कोठे तोडावे, हा प्रश्न तरुण राजासमोर होता.

हा प्रश्न नवा नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात बहुजनांच्या करातून गोळा होणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील मूल निरक्षर राहते, हे स्पष्ट मांडले होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक कष्टकरी समाजातूनही निवडावेत, अशी त्यांची मागणी होती. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडले, तेही फेटाळले गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी मात्र अमरेली भागात प्रयोग करून १९०६ पर्यंत साऱ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. म्हणजे वाट अगदीच अंधारी नव्हती. परंतु बडोदे संपन्न होते, कोल्हापूर तुलनेने लहान. आणि तेथे जातीचा पीळ शाळेच्या आतपर्यंत गेलेला होता.

महाराजांचा पहिला प्रयत्न फसला, आणि इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. १८९६ साली राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या हिंदू विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडण्यात आले. कागदावर दार सर्वांना मोकळे होते. कोणत्याही जातीस मनाई करणारे कलम त्यात नव्हते. तरीही थोड्याच काळात ते व्यवहारात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच वसतिगृह होऊन बसले. व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्यांच्याच सोयीचे वातावरण आत तयार झाले आणि खेड्यातून आलेल्या कुणबी-मराठा मुलाला तेथे परक्यासारखे वाटू लागले. मग इतर जातींची तर बातच नको. नियम निर्दोष होता, फक्त तो ज्यांच्यासाठी केला त्यांचा त्यावर विश्वास बसण्यासारखे काही त्यात नव्हते.

एखादा दुसरा राजा असता तर लोकांनाच शिक्षणाची गोडी नाही, असा शेरा मारून मोकळा झाला असता. असा शेरा आम्ही शिक्षकांच्या खोलीत आजही ऐकतो. महाराजांनी दोष पालकांवर ढकलला नाही, योजनाच बदलली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, सारस्वत, शिंपी, दैवज्ञ अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांच्या कन्येचे नाव त्यास दिले होते. महाराजांच्या हयातीत अशा वसतिगृहांची संख्या वीसच्या आसपास गेली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी असे नाव पडले.

या वसतिगृहांची रचना पाहण्यासारखी आहे. दरबार जागा देई, इमारतीस मदत करी, वार्षिक अनुदान किंवा कायमचे उत्पन्न लावून देई. आणि कारभार त्या त्या समाजातील जाणत्या लोकांच्या समितीकडे सोपवी. पैसा राज्याचा, देखरेख आपल्या माणसांची. गावाकडच्या बापाला शहरातील वसतिगृहाच्या समितीत आपल्या ओळखीचा, आपल्या बोलीचा एखादा माणूस दिसे. मुलाला काय खाऊ घालतात हे विचारायला त्याला अर्ज करावा लागत नसे. मुस्लिम समाजात १९०६ साली शिक्षणसंस्था काढताना पुढाकार घेण्यास माणसे लवकर तयार होईनात, तेव्हा महाराजांनी स्वतः तिचे अध्यक्षपद स्वीकारले. एरवी समितीबाहेर राहणारा राजा गरज पडली तेथे समितीत बसला.

या योजनेवर आक्षेप घेता येतो आणि तो घेतलाच पाहिजे. जातवार वसतिगृहांनी जातीच्या भिंती पक्क्या केल्या नाहीत काय? आम्हा आंबेडकरवाद्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही. याचे एक उदाहरण त्या काळातलेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे, असा व्यवस्थापकांचा आग्रह; भाऊरावांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे महाराजांच्याच आश्रयाने त्यांची राहण्याची सोय झाली. त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह उघडले आणि १९२७ साली त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले. म्हणजे महाराजांच्या व्यवस्थेतील उणीव त्या व्यवस्थेतूनच वर आलेल्या माणसाने भरून काढली. आमचे मत असे की, १९०१ मध्ये एकत्र वसतिगृहाचा हट्ट धरला असता तर १८९६ ची पुनरावृत्ती झाली असती. पण जातवार वसतिगृहावरच थांबले असते तर तेही अपुरे ठरले असते. महाराज थांबले नाहीत, हे पुढे दिसेल.

येथे स्वतःविषयी दोन शब्द लिहिण्याची मुभा घेतो. आम्ही स्वतः विद्यार्थिदशेत एका अनुदानित वसतिगृहात राहिलो. तेथे आम्हा मुलांसाठी दरमहा किती अनुदान येते, त्यात किती डाळ व किती तांदूळ घ्यायचा असतो, हे कधीच कोणी सांगितले नाही. पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये, असा अलिखित नियम होता. आमचे वडील कापूस वेचणीची मजुरी बुडवून भेटायला येत आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून राहत. त्या वसतिगृहात वाईटच सारे घडत होते असे आम्ही म्हणणार नाही. तेथूनच आम्ही शिकलो. पण वडिलांनी आमच्या धाकट्या भावाला तेथे ठेवले नाही. कारण विचारले तर नुसती मान हलवली. आज मागे वळून पाहताना वाटते, हिशेबाचा एक कागद भिंतीला लावला असता आणि बापाला पंगतीपर्यंत येऊ दिले असते, तर कदाचित आमचा भाऊही शिकला असता.

वसतिगृहे उभी राहत असतानाच महाराजांनी त्या चक्राच्या दुसऱ्या टोकाला हात घातला. बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते इंग्लंडमध्ये असताना, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात आदेश प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, असा तो आदेश होता. केवळ हेतू जाहीर करून ते थांबले नाहीत. प्रत्येक खात्यात किती जागांवर कोणत्या वर्गाची माणसे आहेत, याची तिमाही माहिती सादर करण्याचे बंधन त्यात घातले होते. राखीव जागांचा इतिहास सांगताना हा तपशील वगळला जातो. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व फार मोठे आहे. शिकलेल्या मुलाला खरोखर नोकरी मिळते, हे गावाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शाळेविषयी आस्था कशी निर्माण व्हावी? पुढे १९११ साली फी माफीच्या सवलतीत मागास विद्यार्थ्यांचा वाटा वाढविण्यात आला आणि अस्पृश्य मुलांचे शिक्षण निःशुल्क झाले.

१९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. १९१८ मध्ये करवीर पेट्यातील चिखली गावापासून अंमलबजावणीस सुरुवात झाली. या कायद्यान्वये शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांना पालकांनी शाळेत पाठवणे बंधनकारक ठरले आणि कारणाशिवाय न पाठवणाऱ्यास दरमहा एक रुपयापर्यंत दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही मजुरासाठी लहान रक्कम नव्हती. म्हणून केवळ दंडाची तरतूद वाचून कोणास हा कायदा कठोर वाटेल. पण त्याच वेळी दरबाराने आपल्यावर काय बंधन घालून घेतले, तेही पाहावे लागते. सक्ती करायची तर शाळा गावातच हवी, फी घ्यायची नाही आणि खर्चासाठी दरसाल सुमारे एक लाख रुपयांची सोय करायची. पालकावर लादलेल्या प्रत्येक बंधनामागे सरकारने स्वतःवर घेतलेले एक बंधन होते. चार-पाच वर्षांत या योजनेखालील शाळांची संख्या चारशेच्या पुढे आणि विद्यार्थ्यांची संख्या बावीस हजारांच्या आसपास गेली. एका लहानशा संस्थानाच्या मानाने ही वाढ विलक्षण म्हटली पाहिजे.

मुलींच्या बाबतीतही त्यांची पावले ठाम होती. शिक्षणखात्यात रखमाबाई केळवकर यांच्यासारख्या कर्तबगार बाईंवर मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी सोपवली गेली. धाकटे राजपुत्र शिवाजी यांचे १९१८ साली शिकारीत अपघाती निधन झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. राजवाड्यातील रूढीप्रिय मंडळींचा विरोध असतानाही महाराजांनी विधवा सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि तिच्याबरोबर शिकायला निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या. जो नियम प्रजेला लावायचा तो आधी आपल्या घराला, एवढे तरी यातून लोकांना दिसलेच असेल.

आता १९१९ कडे वळतो. कोल्हापूर संस्थानात त्या वर्षापर्यंत अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा होत्या. त्या आधी अगदीच नसण्यापेक्षा या शाळा असणे बरे, म्हणून त्या वाढविल्या गेल्या होत्या. वेगळी शाळा म्हणजे वेगळा, बहुधा कमी शिकलेला शिक्षक, अपुरे साहित्य आणि गावकुसाबाहेरचा एखादा आडोसा. ३० सप्टेंबर १९१९ च्या आदेशाने महाराजांनी या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि अस्पृश्य मुलांना इतर मुलांबरोबर त्याच सरकारी शाळेत, शिवाशिव न पाळता बसवण्याचे फर्मान काढले.

हा आदेश आणि १९०१ नंतरची वसतिगृहे यांत विसंगती आहे असे वरवर पाहता वाटते. राहण्यासाठी वेगळी घरे आणि शिकण्यासाठी एकच शाळा, हे कसे? आम्ही वर्गात हा प्रश्न मुलांना मुद्दाम विचारतो. आमचा उलगडा असा. वसतिगृह हे मुलाचे दुसरे घर. तेथे मूल रात्री एकटे पडते, तेथे आईबापांना आपल्या माणसाचा आधार हवा असतो. शाळा ही राज्याची जागा. तेथे वेगळा फळा, वेगळे बाक, वेगळा मास्तर ठेवणे म्हणजे राज्यानेच मुलाच्या कपाळावर जात गोंदणे. पहिल्या ठिकाणी वेगळेपणाने भय कमी होत होते, दुसऱ्या ठिकाणी वेगळेपणाने अपमान कायम होत होता. हा फरक महाराजांना प्रथमपासून स्पष्ट दिसत होता असा दावा आम्ही करत नाही. अनुभवाने ते तेथवर पोहोचले.

एकत्र शाळेचा आदेश काढणे सोपे, तो वर्गाच्या चार भिंतींत पाळला जाणे कठीण. दार उघडले तरी दाराशी उभा असलेला मास्तर मुलाला कोपऱ्यात बसवू शकतो, पाटी लांबून तपासू शकतो, छडी फेकून मारू शकतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने वऱ्हाडातल्या शाळांत हे सारे भोगलेले आहे. घराघरांत त्या आठवणी आहेत. महाराजांनी हे ओळखले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांनी खात्यांना आदेश दिले होते की, अस्पृश्यांना समानतेने, किंबहुना अधिक ममतेने वागवावे. ज्या नोकरास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा आणि अशा माणसास पेन्शन मिळणार नाही. शिक्षण व आरोग्य खात्यांना तो लागू होता. म्हणजे भेदभावाची किंमत आता मुलाऐवजी नोकराने मोजायची होती. आम्ही नोकरीपेशातली माणसे आहोत. पेन्शन या शब्दाचे वजन आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही केवळ धाकाने विश्वास निर्माण होत नाही. गंगाराम कांबळे यांची हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल, परंतु तिचा शेवट थोड्यांनाच माहीत असतो. गंगाराम हे महाराजांच्या पागेत नोकरीस होते. महाराज परगावी असताना सवर्णांच्या हौदातील पाण्यास स्पर्श केला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. परतल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास मदत दिली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. पण महाराच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवू लागले, स्वतः चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. यासाठी कोणताही आदेश काढावा लागला नाही. राजा रोज काय करतो हे रस्त्यावरची माणसे पाहत होती.

महाराजांच्या धोरणाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ते राजे होते. त्यांच्या आदेशांमागे लोकनियुक्त सभागृह नव्हते आणि त्यांच्या माघारी ते टिकवण्याची हमी कोणाकडेही नव्हती. जेथे तलाठी, पाटील, मास्तर मनातून विरोधात होते, तेथे अनेक आदेश कागदावरच राहिले असणार. वतनी कुलकर्ण्यांची सद्दी संपवून पगारी तलाठी नेमणे, महार वतनाची गुलामगिरी मोडणे, हजेरीची अपमानास्पद पद्धत बंद करणे, अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा देणे ही सारी कामे त्यांनी १९१८ ते १९२० या काळात झपाट्याने केली. जणू आपल्याला वेळ थोडा आहे हे त्यांना जाणवत होते. तो खरोखरच थोडा होता.

नेतृत्व आपल्या हातात कायम राहू नये, हेही त्यांनी ओळखले होते. मुंबईत परळच्या चाळीत जाऊन त्यांनी तरुण भीमराव आंबेडकरांची भेट घेतली. मूकनायक पत्र ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाले, त्यास त्यांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे झालेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. तेथे महाराजांनी जमलेल्या लोकांस सांगितले की, तुम्हाला तुमच्यातूनच तुमचा पुढारी मिळाला आहे. राजा आपल्या प्रजेला आपल्यावर अवलंबून राहू नका असे सांगतो, हे दृश्य इतिहासात दुर्मीळ आहे. दोनच महिन्यांनी, ३० मे १९२० पासून, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी शाहू महाराज होते. आपल्या विदर्भाच्या भूमीत, भर उन्हाळ्यात, कोल्हापूरचा छत्रपती बहिष्कृतांच्या सभेचा अध्यक्ष म्हणून बसला होता.

पुढे बाबासाहेबांनी जेव्हा संघटनेचे काम हाती घेतले, तेव्हा सुरुवात वसतिगृहानेच केली. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरात तिचे विद्यार्थी वसतिगृह निघाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादेत आजचे मिलिंद महाविद्यालय. या संस्थांचे दार सर्व जातिधर्मांना खुले होते, परंतु व्यवस्था त्यांच्या हाती होती ज्यांना आजवर कोणी व्यवस्थापनाच्या खुर्चीवर बसू दिले नव्हते. १८९६ च्या राजाराम वसतिगृहात जे उलटे पडले होते, ते येथे सुलटे झाले. आपली शाळाही याच परंपरेतील एक लहान फांदी आहे.

आजच्या कायद्याने यातील काही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे त्यात म्हटले आहे. अनेक ठिकाणी या समितीची बैठक म्हणजे इतिवृत्तावर घेतलेल्या सह्या असतात. वेचणीच्या दिवसांत दुपारी दोनला ठेवलेल्या बैठकीस शेतमजूर आई कशी येणार? यंदा आपल्या शाळेत पालकसभा रविवारी सकाळी घ्यावी, भोजनाचा मासिक खर्च स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर लिहावा आणि पालकास कोणत्याही दिवशी मुलाच्या पंगतीत बसून जेवता यावे, असा प्रस्ताव आम्ही काही शिक्षकांनी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्यावर मतभेद आहेत. शिस्त बिघडेल, असे काही सहकाऱ्यांना प्रामाणिकपणे वाटते. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या चर्चेत आपले म्हणणे कळवावे, म्हणूनही हा लेख लिहिला आहे.

नागपूरची परिषद आटोपून महाराज कोल्हापुरास परतले, त्यानंतर त्यांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. प्रकृती ढासळत गेली आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. मोठमोठ्या संस्थानिकांची स्मारके सरदार-दरकदार उभारतात. कोल्हापुरात महाराजांच्या निधनानंतर तीनच वर्षांत, १९२५ साली, नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभे राहिले, ते पागेत मार खाल्लेल्या आणि चहाचे हॉटेल चालवणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी आपल्या समाजबांधवांना बरोबर घेऊन उभारलेले होते.